तुटल्या पायांची कैफियत

खेकड्याचा तुटलेला पाय पुन्हा उगवतो, ही गोष्ट फ्रान्सच्या किनाऱ्यावरील कोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. आणि नेमक्या त्याच कारणामुळे, म्हणजे ती कोळ्यांना ठाऊक होती म्हणून, पॅरिसच्या विद्वन्मंडळींत तिला भाकडकथेहून अधिक मान नव्हता. जाळ्यात सापडणाऱ्या खेकड्यांपैकी काहींचा एखादा पाय इतर पायांच्या मानाने अगदीच इवला असतो, आणि तो इवला पाय म्हणजे गळून पडलेल्या पायाच्या जागी नव्याने फुटलेला पाय होय, अशी त्या लोकांची जबानी होती. पालीचे किंवा सरड्याच्या जातीतील प्राण्यांचे शेपूट पुन्हा येते ही नोंद ॲरिस्टॉटलच्या ग्रंथात असल्यामुळे ती प्रमाण मानली जात असे, पण कोळ्यांच्या जबानीला तसा ग्रंथाचा आधार नव्हता. ह्या जबानीची प्रत्यक्ष रुजवात घालण्याचे काम रेओम्यूर ह्या तरुण फ्रेंच पंडिताने अंगावर घेतले, आणि १७१२ साली राजाश्रित विज्ञान अकादमीपुढे त्याने नदीतील क्रेफिश, समुद्रातील लॉबस्टर आणि खेकडे ह्यांच्या नव्याने उगवणाऱ्या पायांसंबंधी जो निबंध सादर केला, त्यापासून अवयवांच्या पुनर्जननाचे शास्त्र सुरू झाले असे म्हणण्यास हरकत नाही.

रेओम्यूरने स्वतः पाय तोडले, ते प्राणी पाण्यात जपून ठेवले, आणि कोळी खरे बोलत होते असा निकाल दिला. परंतु निकालाबरोबरच त्याने काही बारकावेही टिपले होते. पायाच्या एका ठराविक सांध्याशी तो सहज तुटतो. तेथे तुटला तर नवा पाय लवकर येतो. आणि दुसरीकडे कोठे तोडला तर उरलेला तुकडा तो प्राणी स्वतःच त्या सांध्यापर्यंत टाकून देतो, हे त्याच्या ध्यानात आले होते. हा नवा पाय येतो कोठून, ह्या प्रश्नाशी मात्र तो अडखळला. त्या काळच्या पंडितांत असा समज रूढ होता, की प्रत्येक जीव बीजामध्ये आधीच सूक्ष्म रूपाने घडवलेला असतो आणि वाढ म्हणजे केवळ त्या सूक्ष्म रूपाचा विस्तार. डबीत डबी आणि तिच्या पोटात आणखी डबी, असा हा विश्वनिर्मितीचा हिशेब होता, आणि ईश्वराने एकदाच सर्व डब्या भरून ठेवल्या आहेत असे म्हटले की धर्मशास्त्रालाही समाधान वाटत असे. ह्या मताला धरून रेओम्यूरने अशी कल्पना लढवली, की पायाच्या मुळाशी लहान लहान अंडी असावीत आणि प्रत्येकात एकेक पाय दडलेला असावा. पण जेवढा भाग तोडावा तेवढाच भाग परत येतो, हे त्यानेच पाहिलेले असल्यामुळे पायाच्या प्रत्येक बिंदूला वेगळ्या मापाचे अंडे लागणार, ही अडचणही त्याला दिसत होती. अडचण दिसूनही तिला न झाकता तिची नोंद करणे हा ह्या माणसाचा मोठा गुण होता. तुटलेल्या बुंध्याला आपले काय हरवले आहे हे कसे कळते, हा प्रश्न त्या निबंधापासून आजतागायत ह्या शास्त्राच्या दप्तरात प्रलंबित आहे.

खेकड्याने हा प्रश्न उपस्थित केला, पण त्याचे उत्तर देण्याला खेकडा फारसा उपयोगी नव्हता. त्याच्या अंगावर कठीण कवच असते, आत काय चालले आहे ते दिसत नाही, आणि नवा पाय खऱ्या अर्थाने उघड होतो तो कात टाकण्याच्या वेळी. शिवाय खेकडा म्हणजे शेवटी क्षुद्र जीव. त्याच्यावरून रक्तमांसाच्या, हाडांच्या प्राण्यांविषयी काही अनुमान काढावे, असे कोणाला वाटत नव्हते. १७४० साली हेग शहराजवळ एका सरदाराच्या मुलांना शिकवणाऱ्या आब्राहाम त्राँब्ले ह्या शिक्षकाने डबक्यातील हायड्रा कापला आणि दोन तुकड्यांचे दोन पूर्ण जीव झालेले पाहिले, तेव्हा सगळ्या युरोपात खळबळ उडाली खरी. पण हायड्रा ही वनस्पती की प्राणी ह्याविषयीच आरंभी शंका होती, आणि त्याला पाय नव्हते. हाडे, स्नायू, रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला, आपल्यासारखाच पाठीचा कणा असलेला एखादा प्राणी ह्या कामी मिळेपर्यंत प्रश्नाला पुढे सरकण्यास वाव नव्हता. तो प्राणी लाझारो स्पाल्लान्झानी ह्यांना मिळाला.

स्पाल्लान्झानी हे उत्तर इटलीतील धर्मगुरू. मोदेना येथे अध्यापक, पुढे पाव्हिया येथे. १७६८ साली त्यांनी एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली आणि तिला पुढे लिहावयाच्या मोठ्या ग्रंथाची प्रस्तावना म्हटले. तो मोठा ग्रंथ कधीच बाहेर पडला नाही, पण ती प्रस्तावनाच पुरेशी झाली. गांडुळे, गोगलगायी आणि बेडकांची पिल्ले ह्यांच्यावर केलेल्या प्रयोगांचे वर्णन तीत आहेच. परंतु तिचा खरा नायक पाण्यातला सॅलॅमँडर होय. दिसावयास पालीसारखा पण कातडी ओली आणि गुळगुळीत, स्वभावाने मंद, इटलीच्या डबक्यांत आणि खंदकांत हवा तेवढा सापडणारा हा उभयचर जीव. त्याचा पाय कापला, की काही दिवसांत जखमेवर नवी कातडी येते, तिच्याखाली एक लहानसा शंकूच्या आकाराचा कोंब फुगतो, तो चपटा होतो, त्यातून बोटे सुटतात आणि अखेरीस मूळच्या पायाइतक्याच हाडांचा, मूळच्यासारखाच चालणारा पाय तयार होतो. शेपटी कापली तर शेपटी, जबडा कापला तर जबडा येतो. लहान वयाच्या प्राण्यात हे काम झपाट्याने होते, मोठ्या वयाच्या प्राण्यात सावकाश. उगवलेला पाय पुन्हा तोडला तरी पुन्हा उगवतो, आणि असे अनेक वेळा करून पाहिले तरी तो प्राणी हार मानीत नाही. बोट तोडले तर बोटच येते, कोपरापासून तोडले तर कोपरापासून पुढचा भाग येतो. अधिक नाही, उणे नाही. रेओम्यूरला खेकड्यात जे दिसले होते तेच आता कण्याच्या प्राण्यात, हाड न् हाड मोजून, सिद्ध झाले. मॅथ्यू मॅटी ह्यांनी पुढच्याच वर्षी, १७६९ साली, त्या पुस्तिकेचे इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये छापले.

त्या सुमारास युरोपातील सुशिक्षित लोकांना कापाकापीचे जणू वेडच लागले होते. गोगलगायीचे मुंडके कापले तरी नवे येते हा स्पाल्लान्झानींचा दावा सर्वांत अधिक गाजला, आणि खुद्द व्हॉल्तेरने वृद्धापकाळी गोगलगायींची मुंडकी उडवून पाहिली व १७६८ सालीच त्यावर एक उपहासात्मक लेखन प्रसिद्ध केले. आत्मा कोठे राहतो, मुंडक्यात की धडात, आणि मुंडके नवे आले तर आत्माही नवा येतो काय, असे चावट प्रश्न विचारण्याची ही संधी त्याने सोडणे शक्यच नव्हते. प्राण्यांना वेदना होतात की नाही ह्याची चौकशी मात्र त्या मंडळींपैकी फारशा कोणी केली नाही, आणि भूल देण्याची विद्या तर अजून ऐंशी वर्षे दूर होती. ह्या शास्त्राचा इतिहास वाचताना ज्ञानाविषयी आदर वाटतो, पण वाचकाचा हात मधूनच आपल्या मनगटाकडे जातो, हेही सांगितले पाहिजे.

सॅलॅमँडरने पुढचा जो धडा दिला तो १८२३ साली. ट्वीडी जॉन टॉड ह्या इंग्रज वैद्याला असे आढळले, की पाय तोडताना त्या पायाकडे जाणारी मुख्य नसही कापून टाकली तर नवा पाय येत नाही, आणि कोंब फुटल्यानंतर नस कापली तर वाढ खुंटते. म्हणजे पायाच्या नव्या जन्माला मज्जातंतूची अनुज्ञा लागते. हा शोध लंडनच्या एका त्रैमासिकात छापला गेला आणि जवळजवळ शतकभर पडून राहिला. त्या काळात त्याचा उपयोग करून घेईल असे शास्त्र नव्हते. पेशींचा सिद्धांत यावयाचा होता, सूक्ष्मदर्शकाची भिंगे सुधारावयाची होती, आणि मुख्य म्हणजे प्रयोगशाळेत वर्षभर हवे तेव्हा पैदा करता येईल असा प्राणी मिळावयाचा होता. सॅलॅमँडर वसंतात डबक्यातून पकडून आणावा लागे. तो ऋतूंच्या ताब्यात होता, शास्त्रज्ञांच्या नव्हे.

तो प्राणी आला मेक्सिकोहून, एका साम्राज्यवादी मोहिमेच्या सामानाबरोबर. मेक्सिको शहराच्या दक्षिणेस सोचिमिल्को व चाल्को ही सरोवरे होती, आणि त्यांत आक्सोलोत्ल नावाचा एक विलक्षण उभयचर राहत असे. बेडकाचे पिल्लू जसे शेपूट टाकून बेडूक होते, तसे सॅलॅमँडरचे पिल्लूही कल्ले टाकून जमिनीवर येते. आक्सोलोत्ल मात्र आयुष्यभर पिल्लूच राहतो, मानेशी कल्ल्यांचे तुरे बाळगीत पाण्यातच वाढतो आणि त्याच बाल्यावस्थेत प्रजननही करतो. आझ्टेक लोक त्याला खात असत आणि पूजाकथांतही त्याला स्थान होते. सर्व देवांनी सूर्यासाठी आत्मबलिदान करावयाचे ठरवले तेव्हा शोलोत्ल नावाचा देव पळाला, आधी मक्याचे रोप झाला, मग घायपाताच्या जातीचे झाड झाला, आणि अखेरीस पाण्यात शिरून आक्सोलोत्ल झाला, तेथे तो सापडला व मारला गेला, अशी ती कथा. स्पॅनिश अंमलात राजवैद्य फ्रान्सिस्को एर्नान्देस ह्यांनी सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची नोंद केली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रवासी संशोधक हुम्बोल्टने आणलेले नमुने पाहून पॅरिसमध्ये प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिएने हा कोणत्या तरी अज्ञात सॅलॅमँडरचा बाल्यावतार असला पाहिजे असा अंदाज बांधला. अंदाज बरोबर होता; पण दारूत बुडवलेल्या नमुन्यांवरून तो सिद्ध कसा व्हावा?

मेक्सिकोच्या सरकारने परदेशी कर्जाची फेड थांबवली, ह्या निमित्ताने तिसऱ्या नेपोलियनच्या फ्रान्सने तेथे फौज घातली आणि ऑस्ट्रियाच्या माक्सिमिलियान नावाच्या राजपुत्राला बादशहा म्हणून बसवले. १८६७ साली मेक्सिकन लोकांनी त्या बादशहाला गोळ्या घातल्या आणि ते सारे राजकारण धुळीस मिळाले. परंतु ह्या फसलेल्या मोहिमेच्या दरम्यान, १८६४ साली, ३४ जिवंत आक्सोलोत्ल पॅरिसच्या प्राणिसंवर्धन उद्यानात येऊन पोहोचले, आणि त्यांपैकी सहा निसर्गेतिहास संग्रहालयाचे प्राध्यापक ओग्यूस्त द्यूमेरिल ह्यांच्या ताब्यात देण्यात आले. त्या सहांत मादी एकच होती. साम्राज्ये कशासाठी लढली आणि त्यांतून शिल्लक काय राहिले ह्याचा जमाखर्च कोणी मांडला, तर मेक्सिकोच्या त्या मोहिमेच्या जमेच्या बाजूला ह्या सहा प्राण्यांखेरीज फारसे काही मांडता येईल असे मला वाटत नाही.

द्यूमेरिलच्या प्राण्यांनी १८६५ च्या आरंभी अंडी घातली. पिल्ले वाढली, आणि त्याच वर्षी त्यांतील काहींनी असा चमत्कार केला, की पाहणारे थक्क झाले: कल्ले आणि शेपटीचे पडदे आखडले, अंगावर पिवळे ठिपके उमटले, आणि जन्मभर पाण्यात राहणारा म्हणून ज्याची ख्याती, तो प्राणी सॅलॅमँडरचे पूर्ण रूप घेऊन जमिनीवर आला. क्यूव्हिएच्या अंदाजावर अशी मोहोर उठली. द्यूमेरिलने ही संतती युरोपभरच्या शास्त्रज्ञांना उदारपणे वाटली. जर्मनीत फ्रायबुर्ग येथे मारी फॉन शोव्हँ ह्या विदुषीने प्राणिशास्त्रज्ञ आउगुस्ट वाइसमान ह्यांच्या सूचनेवरून पाणी क्रमाक्रमाने उथळ करीत आक्सोलोत्लला जमिनीवर आणण्याचे अत्यंत चिकाटीचे प्रयोग केले, आणि १८७५ साली वाइसमान ह्यांनी त्यांवर आधारलेला निबंध लिहिला. विद्यापीठांची दारे स्त्रियांना जवळजवळ बंद होती अशा काळात हे काम झाले आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. आणि हे सर्व चालू असताना जो तो एक गोष्ट पाहत होता: आक्सोलोत्लचे पाय एकमेकांनी दाट वस्तीत चावून तोडले, तरी ते परत येत होते. टाकीत पैदा होणारा, वर्षभर अंडी देणारा, पाय पुन्हा उगवणारा कण्याचा प्राणी आता हाताशी होता, आणि तो पुढील दीड शतक प्रयोगशाळांचा आश्रित होऊन राहिला.

पाठ्यपुस्तके वाचली तर असे वाटते, की शास्त्रज्ञाच्या मनात आधी प्रश्न येतो आणि मग तो त्याला योग्य असा प्राणी शोधतो. ह्या शास्त्राचे जुने दप्तर चाळले तर क्रम बहुधा उलटा आढळतो. कोळ्याच्या जाळ्यात, खंदकात, फौजेच्या सामानात जो प्राणी आला, त्याने आपल्या अंगच्या स्वभावाप्रमाणे प्रश्न ठरवला. वाइसमान ह्यांनी असे प्रतिपादन केले होते, की जे अवयव तुटण्याचा धोका अधिक तेच पुन्हा उगवण्याची शक्ती निसर्गनिवडीने मिळवतात. युक्तिवाद मोठा सुबक होता. त्याला छेद दिला तो एका शंखखेकड्याने, आणि त्याचा वकील होता अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गन. रिकाम्या शंखात बिऱ्हाड करून राहणाऱ्या ह्या खेकड्याचे मागचे लहान पाय शंखाच्या आत सदैव सुरक्षित असतात. त्यांना तुटण्याचा प्रसंग क्वचितच येणार. मॉर्गनने ते कापून पाहिले, आणि तेही पुढच्या पायांसारखेच उगवले. १९०१ साली त्याने पुनर्जननावर जो ग्रंथ लिहिला तो अजूनही वाचनीय आहे. पण त्यानंतर काही वर्षांतच त्याने प्राणी बदलला, फळमाशी हाती घेतली, आणि प्राणी बदलताच प्रश्नही बदलला. फळमाशीच्या आनुवंशिकतेसाठी त्याला १९३३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. खेकड्याचा प्रश्न तो तसाच सोडून गेला.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील बऱ्याचशा कामावरून मी झरझर पुढे जातो, कारण त्याचा तपशील शल्यवैद्याला रस वाटेल असा आहे, सर्वसामान्य वाचकाला नव्हे. १९३० च्या दशकात क्ष-किरणांचा मारा करून असे दाखवण्यात आले, की केवळ पायावर किरण सोडले तर तो पाय उगवत नाही, आणि पाय झाकून बाकीच्या सर्व शरीरावर सोडले तर उगवतो. म्हणजे नव्या पायाचा माल दुरून येत नाही, तो बुंध्यापाशीच तयार होतो. कापल्यावर जखमेवर कातडीचा पडदा येतो, त्याखालच्या पेशी आपला जुना पेशा सैल करून एकत्र जमतात, आणि त्यांच्या ह्या जमावाला शास्त्रात ब्लास्टेमा म्हणतात. तोच पुढे पाय होतो. टॉडची विसरलेली नसही आता पुन्हा तपासास आली. अमेरिकेत मार्कस सिंगर ह्यांनी न्यूट ह्या पाण्यातल्या सॅलॅमँडरच्या पायातील मज्जातंतू मोजून असा निष्कर्ष काढला, की तंतू संवेदनेचा आहे की हालचालीचा ह्याला महत्त्व नाही, महत्त्व आहे ते संख्येला. ती एका मर्यादेच्या खाली गेली की पाय येत नाही. ह्यावरून त्यांना असे सुचले, की प्रौढ बेडकाचा पाय उगवत नाही तो कदाचित मज्जातंतू कमी पडतात म्हणून. आणि १९५४ साली त्यांनी बेडकाच्या मागच्या पायाची नस वळवून पुढच्या पायाच्या बुंध्यात नेली, तेव्हा तेथे ओबडधोबड का होईना, पण वाढ झाली. त्याच्या दहा वर्षे आधी मेरिल रोझ ह्या दुसऱ्या अमेरिकन संशोधकाने बेडकाचा तुटलेला पाय तीव्र खारट पाण्यात बुडवून थोडीशी वाढ मिळवली होती. जखमेवर मीठ चोळल्याने भले झाल्याचा हा बहुधा एकच दाखला असेल. आणि सिंगर ह्यांचा नियम स्थिर होतो न होतो तोच १९५९ साली इंटेमा ह्या संशोधकाने असे दाखवले, की ज्या पायाला जन्मतःच मज्जातंतू कधी मिळाला नाही, तो पाय मज्जातंतूवाचूनही उगवतो. सवय लागली तरच गरज लागते, असा ह्याचा अर्थ.

आता आपल्या देशाकडे येतो. भारतात सॅलॅमँडर जवळजवळ नाहीच. पूर्व हिमालयात, दार्जिलिंग आणि त्याच्या पूर्वेच्या डोंगरांत तेवढे त्याचे नातेवाईक आढळतात, आणि महाराष्ट्रात तर एकही नाही. येथल्या प्राणिशास्त्रज्ञाला पुनर्जननाचा अभ्यास करावयाचा तर पावसाळ्यातील डबक्यांतील बेडकांची आणि भेकांची पिल्ले हाच आधार. गरिबाचा प्राणी म्हणून त्याला कोणी नाक मुरडावे असे मात्र नाही, कारण त्याच्या अंगी असा एक गुण आहे जो आक्सोलोत्लच्या अंगी नाही. पिल्लाच्या मागच्या पायाचा कोंब नुकताच फुटलेला असतो तेव्हा तो कापला तर परत येतो. पुढे बेडूक होण्याची वेळ जसजशी जवळ येते तसतशी ही शक्ती ओसरत जाते आणि अखेर नाहीशी होते. असलेली शक्ती कशी जाते, हे एकाच प्राण्यात काही आठवड्यांत पाहावयास मिळते.

जयपूरच्या राजस्थान विद्यापीठात नियाझी आणि सक्सेना ह्यांनी १९७० च्या दशकात भेकाच्या पिल्लांचे पाय कापून त्यांना अ जीवनसत्त्वाच्या जास्त मात्रेच्या पाण्यात ठेवले. त्यांना जे दिसले ते रेओम्यूर आणि स्पाल्लान्झानी ह्यांनी घालून दिलेल्या नियमाला सरळ सरळ विरुद्ध होते. पोटरीपाशी कापलेल्या पायाला पोटरी आणि पंजा यावयाचा. त्याऐवजी त्या बुंध्यावर मांडीपासूनचा अख्खा पाय उगवू लागला, कधी एकापेक्षा अधिक. जेवढे हरवले तेवढेच परत येते, ह्या अडीचशे वर्षांच्या अबाधित कायद्याला एका साध्या जीवनसत्त्वाने मोडता घातला होता. बुंध्याला आपण कोठे आहोत ह्याची जी जाणीव असते ती कोणत्या तरी रासायनिक खुणेत लिहिलेली आहे, आणि ती खूण बाहेरून पुसून दुसरी लिहिता येते, असा त्याचा आशय निघत होता. त्यांचा एक निबंध १९७७ साली भारतीय प्रायोगिक जीवशास्त्राच्या नियतकालिकात छापला गेला आणि दुसरा १९७८ साली पोलंडमधील क्राकूव येथून निघणाऱ्या नियतकालिकात. ही दोन्ही ठिकाणे लंडन-न्यूयॉर्कच्या हमरस्त्यावरची नव्हेत. १९८२ साली लंडनच्या माल्कम मेडन ह्यांनी तोच प्रयोग आक्सोलोत्लवर करून मनगटापाशी कापलेल्या हातावर दंडापासूनचा संपूर्ण हात उगवून दाखवला, आणि तो निबंध ‘नेचर’मध्ये आला, तेव्हा सर्व जगाला ह्या गोष्टीची वार्ता झाली. परदेशी पुस्तकांत ह्या शोधाची हकीकत पुष्कळदा १९८२ पासून सुरू होते. ती १९७७ पासून सुरू झाली पाहिजे.

त्याहून विलक्षण गोष्ट घडली ती भुवनेश्वरला. उत्कल विद्यापीठातील प्रियंवदा मोहंती हेजमाडी आणि त्यांचे सहकारी दत्त व महापात्र ह्यांनी, वर्षातील बहुतेक काळ जमिनीत पुरून राहणाऱ्या आणि पाऊस पडताच अंडी घालण्यास बाहेर येणाऱ्या एका फुग्यासारख्या बेडकाची पिल्ले घेतली. त्यांचे पाय नव्हे तर शेपटी कापली, आणि त्यांना अ जीवनसत्त्वाच्या पाण्यात ठेवले. शेपटीच्या जागी शेपटी येणार किंवा काहीच येणार नाही, एवढेच कोणीही अपेक्षिले असते. तेथे उगवले पाय. एका अवयवाच्या जागी दुसरा अवयव, तोही कण्याच्या प्राण्यात, अशा रीतीने प्रयोगाने उत्पन्न झाल्याचे वृत्त १९९२ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुढच्याच वर्षी मेडन ह्यांनी युरोपातील बेडकाच्या पिल्लांत त्याची खातरजमा केली. भुवनेश्वरच्या त्या निबंधाच्या पहिल्या लेखिका ओडिशी नृत्याच्याही नामांकित साधक होत, हे येथे आवर्जून सांगतो. एका माणसाच्या ठायी अशा दोन विद्या नांदणे आपल्याकडे आता दुर्मीळ झाले आहे. प्रयोगाला लागले काय, तर पावसाळ्यातले पाणी, काचेची भांडी, बाजारात मिळणारे जीवनसत्त्व, आणि रोज उठून पिल्लांकडे नीट पाहण्याची शिस्त. इटलीच्या डबक्यातल्या सॅलॅमँडरने जसा स्पाल्लान्झानींचा प्रश्न घडवला, तसा ओडिशाच्या बेडकाने हा प्रश्न घडवला. आक्सोलोत्लच्या टाकीशी बसून तो कोणाला सुचला नव्हता.

त्या टाकीची कथा मात्र अजून पुरी व्हावयाची आहे. रुफस हम्फ्री ह्या संशोधकाने १९५७ साली आपले आक्सोलोत्ल अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात आणले आणि तेथे त्यांची मोठी वसाहत वसवली. २००५ साली ती केंटकी विद्यापीठाकडे गेली आणि तेथून आजही प्रयोगशाळांना अंडी व पिल्ले रवाना होतात. ह्या वसाहतीतील रक्त शुद्ध मेक्सिकन राहिलेले नाही: १९६२ साली हम्फ्री ह्यांनी एका वर्णहीन वाघ-सॅलॅमँडरशी त्यांचा संकर घडवला होता, आणि पॅरिसला आलेल्या प्राण्यांच्या वंशजांत तो वारसा मिसळला आहे. २००९ साली जर्मनीत ड्रेस्डेन येथे एली टनाका ह्यांच्या प्रयोगशाळेने हिरव्या प्रकाशाने चमकणाऱ्या पेशी आक्सोलोत्लमध्ये घालून त्यांचा माग काढला, तेव्हा ब्लास्टेमातील पेशी वाटले होते तितक्या स्वैर नसल्याचे आढळले. स्नायूची पेशी स्नायूच बनवते, ती आपले कूळ विसरत नाही. २०१८ साली आक्सोलोत्लची संपूर्ण जनुकीय लिपी वाचून झाली. ती ३२ अब्ज अक्षरांची, म्हणजे माणसाच्या लिपीच्या सुमारे दसपट भरली. सस्तन प्राण्यांत मात्र अख्खा पाय उगवल्याचे उदाहरण अद्याप नाही. लहान मुलाच्या बोटाचे टोक नखाच्या मुळाच्या पुढे तुटले तर ते बहुधा परत येते, आणि उंदरालाही तेवढेच साधते.

ह्या अवधीत मूळ मुलखात काय झाले? चाल्को सरोवर आटवले गेले, सोचिमिल्कोचे कालवे होत होत अरुंद आणि गढूळ झाले, आणि माणसांच्या पोटासाठी म्हणून त्यांत सोडलेले कार्प व तिलापिया मासे आक्सोलोत्लची अंडी व पिल्ले खाऊन माजले. १९९८ च्या पाहणीत दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० आक्सोलोत्ल होते. २०१४ च्या पाहणीत ही संख्या ३६ वर आली. ज्याची संतती जगभरच्या टाक्यांत हजारोंनी वाढते आहे, तो प्राणी स्वतःच्या सरोवरात अतिसंकटग्रस्त ठरला, आणि ह्याची जबाबदारी ज्यांनी त्याच्या पायांवर कारकीर्दी उभ्या केल्या त्या संस्थांनी फार उशिरा ओळखली. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठातील लुईस साम्ब्रानो आणि त्यांचे सहकारी तेथील शेतकऱ्यांबरोबर चिनाम्पा ह्या जुन्या पाणशेतीचे कालवे पुन्हा स्वच्छ करीत आहेत. त्यांच्या गटाने प्रयोगशाळेत वाढलेले १८ आक्सोलोत्ल दोन सुधारलेल्या पाणथळ जागी सोडले. २०२५ साली छापलेल्या त्यांच्या निबंधानुसार निरीक्षणाच्या काळात ते सर्व जगले, आणि जे पुन्हा पकडून तोलले गेले त्यांचे वजन वाढलेले होते.